एका गोलाचा नवस

सविता गेली ते मला एस.टी.त कळलं. नोव्हेंबर महिना होता, दिवाळी आठ दिवसांवर आली होती. नगरच्या दवाखान्यात तिच्यासाठी मऊ भाताचा डबा घेऊन निघालो होतो. घोडेगाव सोडलं आणि आरतीचा, म्हणजे आमच्या मुलीचा, फोन आला. ती म्हणाली, "पप्पा, सावकाश या." एवढंच. मी एकतीस वर्षं एस.टी.त वाहतूक नियंत्रक होतो, लोक ज्याला कंट्रोलर म्हणतात तो. "सावकाश या" हे आपण माणसाला गाडी निघून गेल्यावरच सांगतो. मी खिडकीतून बघत राहिलो. ऊस, मग कांदा, मग परत ऊस. डबा मांडीवर गरम होता. नगर येईपर्यंत गरमच राहिला.

आता फुटबॉलकडे येतो.

सविताचं माहेर श्रीरामपूरचं. घरामागे एका शाळेचं मैदान होतं आणि त्यावर वर्षभर फुटबॉल चालायचा. लग्नात तिने भांडी आणली, शिलाई मशीन आणलं आणि ही आवडही आणली. टीव्हीवर सामना असला की ती मेथी निवडायला बसायची. मेथी संपली तरी उठायची नाही. मी शेजारी बसायचो आणि पाच मिनिटांत झोपायचो. छत्तीस वर्षांत कितीतरी सामने मी तिच्या शेजारी झोपेत बघितले. अधूनमधून ती "अरे दे ना त्याला!" असं ओरडायची. मी दचकून जागा व्हायचो आणि मला वाटायचं, काहीतरी मलाच द्यायला सांगते आहे.

तेरावं होऊन महिना झाला असेल. आप्पासाहेब घरी आले. आमचं गाव सोनईपासून चार किलोमीटरवर आहे आणि आप्पासाहेब गावातल्या कानिफनाथ मंदिराच्या ट्रस्टचे सचिव आहेत. त्यांच्या खिशात चार रंगांची पेनं असतात. बोलतात ते ठराव वाचून दाखवल्यासारखं.

"कंट्रोलर साहेब, सभामंडपाला ऑइलपेंट द्यायचा आहे. तुळईला बांधलेले नवसाचे सर्व नारळ खाली घ्यायचे, असं ठरलंय. सर्वांनी घेतले. एक राहिला आहे."

"मग घ्या की."

"तो तुमचा आहे."

आमच्याकडे नवस बोलताना नारळ लाल फडक्यात गुंडाळून सभामंडपाच्या तुळईला बांधतात. काम झालं की ज्याने बांधला त्याने, नाहीतर त्याच्या घरच्यांनी, नैवेद्य करून सोडायचा. काम होण्याआधी कोणी हात लावायचा नाही. मी तर कधी नारळ बांधला नव्हता. देवळात जाऊन शिडीवर चढून बघितलं. फडक्याला प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली चिठ्ठी टाचली होती. अक्षर सविताचं. किराणाच्या यादीत असायचं तसंच, उजवीकडे झुकलेलं.

"आशिया चषकात, गटात, भारताने एक तरी गोल करावा. सव्वा किलोचा मलिदा करीन. सौ. सविता." खाली तारीख. चार ऑगस्ट.

तारीख वाचून मी खाली उतरलो आणि देवळाच्या पायरीवर बसलो. तीन ऑगस्टला नगरच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी "देवळात जाऊन येते" म्हणाली, तेव्हा मला वाटलं, अशा वेळी माणूस जे मागतो ते मागेल. मीही घरात भिंतीकडे बघत तेच मागत होतो. आणि तिने मागितलं हे. अकरा अनोळखी पोरांसाठी. स्वतःचं नाव फक्त सहीपुरतं, माझं तर नाहीच. मला राग आला. गेलेल्या माणसाचा राग येतो, हे भेटायला येणाऱ्यांपैकी कोणी सांगत नाही.

पण देवाचं देणं तिच्या नावावर ठेवायचं नाही, हे मी त्या पायरीवरच ठरवलं. दवाखान्यात माझ्या हातून काही झालं नव्हतं. मलिदा करणं माझ्या हातातलं होतं. मधे फक्त भारताने एक गोल करायचा होता.

आरतीला सुप्याला फोन लावला. ती तिथे एका कारखान्यात आहे. तिने मोबाईलवर बघून सांगितलं, "पप्पा, जानेवारीत आहे. कतारला. आपल्या गटात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया." उझबेकिस्तान मी तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

आप्पासाहेबांना हे पटवणं अवघड गेलं.

"गटात म्हणजे? जमिनीचा गट नंबर?"

"नाही हो. चार देशांचा एक गट. प्रत्येकाने बाकी तिघांशी एकेकदा खेळायचं. त्यातले वरचे पुढे जातात."

"म्हणजे पंचायत समितीच्या निवडणुकीसारखं."

"साधारण."

"मग आपण पुढे जाणार का?"

"जाण्याचं कोण म्हणतंय? तिने एक गोल मागितलाय फक्त."

आप्पासाहेबांनी हिरवं पेन काढलं. तेवीस जानेवारीला शेवटचा सामना, म्हणून चोवीसला रंगारी बोलवायचा, असं त्यांनी वहीत लिहिलं. मला अर्ज करायला लावला. विषय: भारताच्या गोलपर्यंत नारळास मुदत मिळणेबाबत.

बातमी गावात गेली आणि माझ्या हातात काही राहिलं नाही. शेजारच्या रंगुबाई सत्तरीच्या आहेत. सविता त्यांना मावशी म्हणायची, म्हणून मीही म्हणतो. त्या म्हणाल्या, "सव्वा किलूचा मलिदा? समद्या गावाच्या दातात तरी अडकंल का? धा किलू करा." मग दुसरा मुद्दा काढला, "आन् सामना बगनार कुटं?"

"घरी. टीव्हीवर."

"घरी? मंग नाथबाबाला कसं कळायचं गोल झाला का न्हाई? त्येला दावाया नको?"

मग सामना देवळाच्या अंगणात, देवाला दिसेल असा दाखवायचं ठरलं. मंडप आणि साउंडवाला वाल्मिक प्रोजेक्टर घेऊन आला. लग्नात नवरा-नवरीचे फोटो दाखवतो तो प्रोजेक्टर.

पहिली अडचण दिशेची आली. देवाचं तोंड पूर्वेला. म्हणजे पडदा अंगणाच्या पूर्वेच्या टोकाला, तोंड पश्चिमेला. सामना संध्याकाळी पाचला. म्हणजे मावळतीचं ऊन थेट पडद्यावर. दुसरी अडचण बसण्याची आली. पडद्याकडे तोंड केलं की देवाकडे पाठ होते. बायकांनी त्याला साफ नकार दिला. मग सगळे आडवे बसले, खांदा देवाकडे आणि मान पडद्याकडे. दुसऱ्या दिवशी अर्ध्या गावाची मान वाकडी होती आणि सोनईच्या मेडिकलमधलं दुखण्याचं मलम दुपारपर्यंत संपलं.

तेरा जानेवारीला शनिवार होता. सकाळपासून बायकांनी जाड रोट भाजले, कुस्करले, गूळ-तूप घालून मलिदा तयार केला. "गोल झाल्यावर पीठ मळायचं का?" हे रंगुबाईंचं म्हणणं. ते रास्त होतं. अंगणात तुपाचा वास आणि शेताकडून उसाच्या पाचटाचा धूर असा मिळून आला होता की बसल्या जागी डोळे मिटावेत.

माईक माझ्याकडे दिला. गावात माईकवर बोलण्याचा सरकारी अनुभव माझ्याशिवाय कोणाला नाही. त्यासाठी वाल्मिकने टीव्हीचा आवाज बंद केला. एकतीस वर्षांत मी एकही गाडी चुकीच्या फलाटावर सांगितली नव्हती. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

सामना सुरू झाला. उन्हामुळे पडद्यावर रंग असे नव्हतेच. फिकट हिरव्या उजेडात फिकट माणसं पळत होती. कोण कुठला, कळत नव्हतं. कोपऱ्यातले आकडे तर पार धुऊन गेले होते. मी बघत होतो आणि मला सारखं वाटत होतं की हे आत्ता, जागेपणी चाललेलं नाही. कोणाच्या तरी लहानपणी, घरामागच्या मैदानावर, दुपारच्या वेळी चाललेलं आहे. वाल्मिकने मोबाईलवर बघून पक्कं सांगितलं होतं, "आपले त्या डाव्या अंगाला जात्यात. डाव्या जाळीत बॉल गेला की आपला." सगळ्यांनी ते पाठ केलं. एकदा आपल्या एकाने डोकं लावलं आणि चेंडू डाव्या जाळीच्या बाजूने गेला. सगळं अंगण उठलं आणि बसलं. अर्धा वेळ झाला तेव्हा कोणाचाच गोल नव्हता. ऑस्ट्रेलियाला आपण रोखलं होतं. चहा झाला. आप्पासाहेबांनीही घेतला.

चहानंतर पाचच मिनिटं झाली असतील. डाव्या बाजूला गर्दी झाली, एक सावली पुढे आली आणि चेंडू जाळीत. डाव्या जाळीत.

मी उठून उभा राहिलो. आवाज आपोआप डेपोतला लागला. "भाविकांनी लक्ष द्यावे. भारताचा गोल झालेला आहे. भारताचा गोल झालेला आहे." कर्णा देवळाच्या शिखरावर आहे. तीन गावांत ऐकू गेलं. हलगी वाजली. कोणीतरी माझ्या कपाळाला गुलाल लावला. बायका पंगतीला पत्रावळ्या मांडू लागल्या. वाल्मिक कात्री तोंडात धरून तुळईखालच्या शिडीवर चढला.

"थांबा!" आप्पासाहेब ओरडले. "नवस फिटल्याच्या पावतीवर आधी सही. नंतर नारळ."

ते लाल पेन शोधत होते, तेवढ्यात आरतीचा फोन आला.

"पप्पा, वाईट वाटून घेऊ नका."

"वाईट कशाचं? गोल झाला आपला!"

"आपला कुठे? ऑस्ट्रेलियाचा झालाय."

"डाव्या जाळीत गेला, आरती. मी बघितलाय."

ती हळूच म्हणाली, "पप्पा, अर्धा वेळ झाल्यावर बाजू बदलतात."

माझ्या हातात माईक चालूच होता. त्यामुळे तेही तीन गावांत ऐकू गेलं असावं, कारण हलगी मधेच थांबली.

छत्तीस वर्षं मी तिच्या शेजारी बसलो होतो. बाजू बदलतात हे तिने मला कधी सांगितलं नाही, कारण मला माहीत नसेल असं तिच्या मनातही आलं नसेल. अर्ध्या वेळेला मी जागा असतो तर कळलं असतं.

तोवर मलिदा निम्मा वाटून झाला होता. ऑस्ट्रेलियाच्या गोलाबद्दल आमच्या गावाने पाच किलो मलिदा खाल्ला. उरलेला ताटात तसाच कसा ठेवायचा, म्हणून तोही खाल्ला. थोड्या वेळाने ऑस्ट्रेलियाने दुसरा गोल केला. तेव्हा रंगुबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बगा. जास्तीचा मलिदा लागू झाला त्यास्नी."

नवस फिटला की नाही यावर दोन दिवस चर्चा चालली. आप्पासाहेबांचं मत पडलं की चिठ्ठीत "भारताने" हा शब्द स्पष्ट आहे. नारळ राहिला. सोनईच्या स्टँडवर गेलो तर पानवाला विचारायचा, "कंट्रोलर साहेब, नगरची गाडी डावीकडून लागंल का चहा झाल्यावर उजवीकडून?" मी चार दिवस सोनईला गेलो नाही. कोथिंबीर नसलेली भाजी खाल्ली.

दुसरा सामना गुरुवारी रात्री आठला होता. अंधारात पडदा लख्ख दिसला. सगळे रंग, सगळे आकडे, सगळ्यांचे चेहरे. या वेळी मी माईकला हात लावला नाही. चौथ्याच मिनिटाला उझबेकिस्तानने गोल केला. अर्ध्या वेळेपर्यंत तीन झाले. थंडी होती. एकेक माणूस "गाईला बघून येतो" म्हणून उठला आणि आला नाही. ज्यांच्याकडे गाय नाही तेही गेले. सगळं इतकं स्वच्छ दिसत असूनही मला शनिवारचं ते उन्हातलं धुरकट बरं वाटत होतं. त्यात निदान काही मिनिटं आपण जिंकत होतो.

तिसऱ्या सामन्याला मात्र सगळं गाव परत आलं. का आलं, सांगता येत नाही. कोणी बोलावलं नव्हतं. तेवीस तारखेला परत पाचची वेळ, परत ऊन. या वेळी वाल्मिकने डोकं चालवलं. पडदा देवळाच्याच पुढच्या भिंतीवर, दाराच्या बाजूला, सावलीत लावला. त्यामुळे लोकांची तोंडं देवाकडे झाली आणि मानाही सरळ राहिल्या. आता देवालाच पडदा दिसेना. तेव्हा रंगुबाईंनी सुनेच्या कपाटाचा आरसा काढून आणला आणि अंगणाच्या टोकाला दारासमोर उभा केला. देवाने आरशात बघावं.

आप्पासाहेबांना काळजी पडली. "आरशात डावं-उजवं उलटं दिसतं. परत आशीर्वाद त्या बाजूला गेला तर?"

"त्येला समदं जग उलटंच चाललेलं दिसतंय रोज," रंगुबाई म्हणाल्या. "सवय हाय त्येला. बसा गप."

मलिदा या वेळी सव्वा किलोच केला. मी स्वतः केला. रोट थोडे करपले.

हा एक सामना मी पहिल्यापासून शेवटपर्यंत जागा राहून बघितला. माझ्या आयुष्यातला पहिलाच. बराच वेळ त्यात काही होत नाही, हे मला तेव्हा कळलं. चेंडू इकडून तिकडे जातो, परत येतो, कोणीतरी धावतो आणि त्याच्याकडे चेंडू येत नाही. तरी तो परत धावतो. अंगणात सावली लांब झाली होती. आरशात छोटी हिरवी खिडकी दिसत होती आणि तिच्यात छोटी माणसं उलटी पळत होती. मी मधेच आरशात बघायचो, मधेच पडद्यावर. अर्धा वेळ झाला, बाजू बदलल्या, शंभर माणसांनी एकमेकांना सांगितलं, "बदलली बरं का बाजू." एक तास झाला. सत्तर मिनिटं झाली. एकही गोल नाही. मला वाटायला लागलं की हे असंच चालू राहावं. मी इथे बसलेला, शेजारची जागा रिकामी, आणि गोल अजून होऊ शकतो. त्या वेळात सगळंच अजून होऊ शकत होतं. एकदा तर मी स्वतःच ओरडलो, "अरे दे ना त्याला!" आवाज ऐकून मीच दचकलो. रंगुबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पदर डोळ्याला लावला.

शहात्तराव्या मिनिटाला सीरियाने गोल केला. उरलेला वेळही गेला. आपला झाला नाही. तीन सामने, एकही गोल नाही. गटात आपण शेवटचे.

वाल्मिकने वायर गुंडाळली. मलिद्याचं पातेलं मी झाकून घरी नेलं.

चोवीसला सकाळी आप्पासाहेब रंगारी घेऊन देवळात आले. त्यांनी रात्रीतून तोड काढली होती. एक कागद पुढे केला. "मयत पत्नीचा नवस वारस या नात्याने मी मागे घेत आहे. खाली सही करा. नारळ मानाने उतरवू. देवाला वाईट वाटणार नाही, मी बोललोय गुरवांशी."

पेन हातात घेतलं. सही करणं योग्य होतं. रंगाचे डबे उघडले होते. माणसं खोळंबली होती. आणि मला परत तो राग आला, चिठ्ठी वाचताना आला होता तो. रंगुबाई तिथेच देवळाच्या ओसरीवर तांदूळ निवडत होत्या.

"मावशी," मी म्हणालो, "आदल्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं तिला. नारळच बांधायचा होता तर जगण्यासाठी बांधायचा. गोल कसला मागितला?"

रंगुबाईंनी सूप खाली ठेवलं. "म्या संगं हुते तवा. म्या बी ह्येच म्हनले. म्हनले, बाई, आयुष्य माग. तर हसली. म्हनली, मावशी, देवाला झेपंल असं मागावं. न्हाई झेपलं तर त्येलाबी वाईट वाटतं."

रंगाऱ्याने ब्रश परत डब्यावर ठेवला.

"आणि हेही झेपलं नाही त्याला," मी म्हणालो.

"न्हाई झेपलं," रंगुबाई म्हणाल्या. "मंग वेळ द्या की."

मी कागदावर लिहिलं, "नवस मागे घेत नाही. वाट बघत आहे." खाली सही केली. आप्पासाहेबांनी दोनदा वाचलं. शिडीवर चढून चिठ्ठीही परत वाचली. मग निळं पेन काढून शेरा मारला की चिठ्ठीत वर्ष नमूद नाही, सबब नवसास मुदत लागू होत नाही. त्यावर ट्रस्टचा शिक्का उमटवला. माझ्या अर्जांपैकी एवढा एकच अर्ज आजवर मला हवा तसा मंजूर झाला आहे. रंगाऱ्याने तुळई रंगवली आणि दोरीभोवती चार बोटं जागा जुन्या रंगाची सोडली.

त्या गोष्टीला दोन वर्षं झाली. या काळात मी जमेल तेवढे सामने बघितले. आता ऑफसाइड मला कळतं, आणि आरतीच्या नवऱ्याला कळत नाही तेव्हा मी ते समजावूनही सांगतो. पुढची स्पर्धा २०२७ची आहे. तिच्यासाठी आपण पात्र ठरलो नाही. गोव्यात सिंगापूरकडून हरलो आणि संपलं. त्या दिवशी रंगुबाईंनी विचारलं, "मंग आता कवा?" मी सांगितलं, "त्याच्या पुढच्या खेपेला, मावशी. चार वर्षांनी. तेव्हाही आधी पात्र व्हावं लागेल." त्यांनी बोटांवर स्वतःचं वय मोजलं आणि सोडून दिलं. माझं मी मोजलेलं नाही.

आशिया चषकात, गटात, भारताने एक गोल करायचा राहिला आहे. सविताचा नवस मी अजून फेडलेला नाही.